आधी जीव सांभाळायचा, की आधी जखम उघडायची?

पत्र : माझी धाकटी बहीण तेवीस वर्षांची आहे. नऊ ते बारा या वयात नात्यातल्या एका माणसाने तिचा लैंगिक छळ केला, हे तिने आम्हाला गेल्या वर्षी सांगितले. कॉलेजात असल्यापासून ती स्वतःला इजा करून घेते आणि मागच्या दीड वर्षात तिने दोनदा जीव संपवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सांभाळणे फार कठीण जाणारा व्यक्तिमत्त्व विकार) आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार) अशी दोन्ही निदाने लिहिली आणि बजावले, की ती जुनी गोष्ट काढूच नका, तिला झेपणार नाही. सहा महिने कोणी तो विषय काढला नाही, ती मात्र तशीच राहिली. मग एका समुपदेशकांकडे गेलो. मुळावर घाव घातल्याशिवाय गुण येणार नाही असे म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत तिला सगळे घडले तसे सांगायला लावले. त्याच रात्री तिने पुन्हा स्वतःला इजा केली. आता ती कोणाकडेच जायला तयार नाही. या दोघांत खरे कोणाचे? बाबा म्हणतात, पर्सनॅलिटीच बिघडलेली असेल तर औषध कशाला लागू पडणार. आई म्हणते, झाले गेले विसरून जा. तो माणूस आजही आमच्याकडे गौरीजेवणाला येतो.
— एक मोठी बहीण, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येते. त्याआधी आज रात्रीचे बोलू, कारण पुढचे सगळे उपचार ती जिवंत आणि सुरक्षित असण्यावर उभे राहणार आहेत.

तिला सरळ विचारा, “तुला जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, असे काही मनात ठरले आहे का?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही भीती घरोघरी आढळते, पण ती खरी नाही. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते, कारण इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागते. तिने काही ठरवलेले असेल आणि साधन हाताशी असेल, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा किंवा ११२ ला फोन करा. बोलण्यासाठी माणूस हवा असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि तिची औषधे एका वेळी आठवड्याभराचीच आणा. शेती असेल, तर फवारणीची औषधे घरात किंवा गोठ्यात न ठेवता दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जीव देण्याची टोकाची इच्छा लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा काही काळाने ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसणे, एवढ्यानेच अनेक जीव वाचतात.

याच्या जोडीला एक कागद हवा, ज्याला सुरक्षा-आराखडा म्हणतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याची रचना केली. लाट चढू लागल्याची माझी स्वतःची खूण कोणती, एकटी असताना मी काय करीन, मन दुसरीकडे वळावे म्हणून कोणाकडे किंवा कुठे जाईन, मदत कोणाकडे मागीन, डॉक्टरांचा क्रमांक काय आणि घर सुरक्षित कसे केले आहे, हे सगळे तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात लिहायचे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील आपत्कालीन विभागांत हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. कागद साधा आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. मात्र तो तुम्ही लिहून तिच्या हातात देऊ नका.

आता त्या दोघांबद्दल. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे खरे आहे. पहिल्या डॉक्टरांचे ‘आत्ता नको’ बरोबर होते, पण त्या ‘आत्ता’ला त्यांनी शेवटच ठेवला नाही. दुसऱ्यांचे ‘मुळावर उपचार हवा’ हेही बरोबर होते, पण पायाखाली जमीन नसलेल्या मुलीला त्यांनी खोल पाण्यात उतरवले. ही केवळ दोन व्यक्तींची चूक नाही, या क्षेत्राने स्वतः हाच गोंधळ बरीच वर्षे अनुभवला आहे. आघाताच्या उपचारांवरच्या पुष्कळ चाचण्यांतून आत्महत्येचा धोका असलेल्या आणि स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांना आधीच वगळले जाई. त्यामुळे असा उपचार अशा रुग्णांना झेपतो की नाही याचा पुरावा गोळाच झाला नाही आणि पुरावा नाही म्हणजे झेपत नाही, असा समज पक्का होत गेला. ज्यांना या उपचाराची सर्वांत जास्त गरज होती, तेच त्यापासून सर्वांत लांब राहिले. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

हे दोन आजार एकमेकांत कसे अडकलेले असतात, ते एका उदाहरणाने दाखवते. ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने शनिवारी संध्याकाळी स्वतःला इजा केली. सोमवारी आम्ही दोघींनी बसून त्या दिवसाची साखळी कागदावर मांडली. आदल्या रात्री झोप झाली नव्हती आणि सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते. दुपारी वडाप जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाला तंबाखूच्या पानाचा वास आला, तिचे हातपाय गार पडले आणि घरी पोचेपर्यंत आपण कुठल्या वाटेने आलो हेही तिला आठवेना. घरी येऊन तिने मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण “कामात आहे, नंतर करते” म्हणाली आणि फोन ठेवला. त्या क्षणी तिच्या मनात आले, की मी सगळ्यांनाच नकोशी झाले आहे. मग इजा, मग वीसेक मिनिटांची शांतता आणि त्यानंतर आदल्यापेक्षा मोठी शरम. या साखळीत वासाचा दुवा आघाताचा आहे, फोनचा दुवा व्यक्तिमत्त्व विकाराचा आहे, आणि इजा ही दोन्ही वेदनांतून काही मिनिटे बाहेर पडण्यासाठी त्या मुलीला सापडलेली एकमेव वाट आहे. नुसत्या फोनच्या दुव्यावर काम केले, तर पुढच्या जीपमध्ये पुन्हा तोच वास येणार. वासाच्या मागची आठवण पहिल्याच दिवशी उघडली, तर तिला पेलायला त्या मुलीपाशी इजेखेरीज दुसरे साधन नसणार. तुमच्या बहिणीच्या बाबतीत त्या रात्री नेमके हेच झाले असावे.

म्हणून क्रम असा असतो. आधी जीव धोक्यात घालणारे वर्तन थांबवायचे, आणि त्यासाठी इजेच्या जागी वापरता येतील अशी कौशल्ये हातात द्यायची. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, याच कामासाठी उभी राहिली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ती घडवली आणि तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. २००६ साली त्यांनीच १०१ स्त्रियांवरचा अभ्यास मांडला, त्यात डीबीटी घेणाऱ्यांनी आत्महत्येचा प्रयत्न करण्याचे प्रमाण इतर तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. या पद्धतीत आठवड्याला एक वैयक्तिक भेट असते, कौशल्ये शिकवणारा गट असतो, अडचणीच्या वेळी उपचारकाला फोन करण्याची मुभा असते आणि उपचारकांची स्वतःची एकत्र बैठक असते. कौशल्ये ऐकायला फार साधी वाटतात. भावना उसळली, की पसरट पातेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात श्वास रोखून अर्धा मिनिट चेहरा बुडवायचा, त्याने हृदयाची गती खरोखरच उतरते. (हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल, तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) पण शांत असताना पन्नास वेळा सराव केलेला नसेल, तर लाटेच्या वेळी यातले काहीही आठवत नाही. म्हणूनच या टप्प्याला महिने लागतात.

मात्र हा टप्पा पार पडला म्हणजे आघात आपोआप बरा झाला, असे होत नाही. लिनेहान यांच्यासोबत काम करणाऱ्या मेलनी हार्नेड यांच्या हे लक्षात आले, की वर्षभराच्या डीबीटीनंतर इजा थांबलेल्या बऱ्याच स्त्रियांचा पीटीएसडी मात्र जागच्या जागीच राहतो. म्हणून त्यांनी मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांची प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर ही पद्धत डीबीटीच्या आत गुंफली. त्या पद्धतीत रुग्ण घडलेली घटना उपचारकासमोर, सुरक्षित जागी, ठरवून, पुन्हा पुन्हा सांगतो, ते ध्वनिमुद्रण घरी ऐकतो आणि ज्या निरुपद्रवी जागा, वास किंवा माणसे तो भीतीपोटी टाळत आला त्यांच्याकडे पायरीपायरीने परत जातो. टाळण्यामुळेच भीती ताजी राहते. आठवणीने मी मरत नाही, हे शरीराला अनुभवानेच कळावे लागते.

हे कधी सुरू करायचे याच्या खुणा हार्नेड यांनी स्पष्ट घालून दिल्या आहेत. आत्महत्येचा नजीकचा धोका नाही, निदान दोन महिने स्वतःला इजा किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालेला नाही, तशी ओढ निर्माण करणारा प्रसंग आला तरी रुग्ण स्वतःला आवरू शकतो, तीव्र भावना आली तरी तिच्यापासून पळून न जाता तिच्यासोबत थांबू शकतो, उपचारात मोठा अडथळा येत नाही आणि, मला सर्वांत मोलाची वाटणारी अट, रुग्णाला स्वतःला आता यावरच काम करायचे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २६ स्त्रियांच्या छोट्या चाचणीत या मार्गाने गेलेल्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. उलट हा उपचार पूर्ण करणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न आणि इजा केवळ डीबीटी घेणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. जर्मनीत मार्टिन बोहुस यांच्या गटाने बालपणी अत्याचार झालेल्या आणि भावना आवरणे कठीण जाणाऱ्या १९३ स्त्रियांना आघातासाठी बेतलेली डीबीटी किंवा कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघातामुळे मनात बसलेले विचार तपासून बदलणारी पद्धत) यांपैकी एक उपचार वर्षभर दिला. दोन्ही गटांत मोठी सुधारणा झाली, डीबीटीच्या गटात थोडी अधिक. तो अभ्यास २०२० सालचा आहे. तेव्हा ‘तिला कधीच झेपणार नाही’ हे वाक्य आज कोणी उच्चारू नये.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. सर्व अंगांसह डीबीटी चालवणारी केंद्रे मोजकी आणि मोठ्या शहरांत आहेत. तुम्हाला पुण्याला दर आठवड्याला ये-जा जमणार नसेल, तर हताश होऊ नका. टोरंटोमध्ये १८० रुग्णांना वर्षभर डीबीटी किंवा नीट शिस्तीने चालवलेले सर्वसाधारण मानसोपचार देऊन तुलना करण्यात आली, तिचे निष्कर्ष २००९ साली आले आणि दोन्ही गटांत आत्मघाती वर्तन सारखेच कमी झालेले आढळले. म्हणजे नियमित भेटी, निदान रुग्णाला समजावून सांगणे, संकटाच्या वेळी काय करायचे याची आधीच ठरलेली रीत आणि घाबरून न जाणारा डॉक्टर, एवढे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले तरी मोठा पल्ला गाठता येतो. नव्या तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा, की दोन्ही निदानांवर तुम्हीच काम करणार का, आणि दुसरे कोणी करणार असेल, तर तुम्ही दोघे आपसात बोलाल का. आघातावरचे काम कोणत्या खुणा दिसल्यावर सुरू होईल आणि मध्यरात्री लाट आली तर आम्ही कोणाला फोन करायचा, हेही विचारा. या प्रश्नांनी चिडणारा उपचारक तुमच्या कामाचा नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी गोळी नाही. पीटीएसडीसाठी सरट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन काही जणांना उपयोगी पडते. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी डायझेपामच्या जातीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील, तर डॉक्टरांशी मुद्दाम बोला, कारण आघातावर त्यांचा उपयोग होत नाही आणि सवय मात्र लागते. कोणतीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

तुमच्या वडिलांची चूक समजण्यासारखी आहे, कारण ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्दच ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीकडे घेऊन जातो. पण हा विकार म्हणजे स्वभाव नव्हे. जन्मतः भावना तीव्र असलेले मूल, आणि त्याच्या भावनेला ‘एवढे काय झाले’ म्हणून सतत परतवून लावणारे वातावरण, यांच्या वर्षानुवर्षांच्या ओढाताणीतून तो घडतो, अशी लिनेहान यांची मांडणी आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या मेरी झानारिनी यांनी दाखल झालेल्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांच्या काळात त्यांतल्या ९३ टक्के लोकांमध्ये किमान दोन वर्षे विकाराची लक्षणे निदानाच्या पातळीखाली राहिली आणि निम्मे लोक कामधंदा आणि नातेसंबंध या अर्थानेही सावरले. स्वतः लिनेहान सतराव्या वर्षी स्वतःला इजा करतात म्हणून मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. बाबांना हे जरूर सांगा. पुढे एखादे डॉक्टर तिच्या कागदावर ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असे लिहितील. ते आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातले निदान आहे, तिला आणखी एक तिसरा आजार जडला असा त्याचा अर्थ नाही.

मागचा प्रयत्न तुम्ही पोलिसांच्या भीतीने लपवला असेल, तर तेही जाणून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ११५ नुसार उलट सिद्ध झाले नाही, तर असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ राहिलेलेही नाही. रुग्णालयात नोंद होते म्हणून उपचाराला उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारी व्यक्ती, लेखी नेमू शकते. तिची इच्छा असेल, तर ते नाव तुमचे असू द्या.

ती आता कोणाकडेच जायचे नाही म्हणते, याचा मला राग येत नाही, मला ते पटते. लहानपणी तिच्या संमतीशिवाय कोणीतरी तिच्या शरीराची सीमा मोडली आणि मोठेपणी मदतीच्या नावाखाली कोणीतरी तिची तयारी न पाहता तिच्याकडून ती गोष्ट काढून घेतली. तिला सांगा, की त्या दिवशी तुझी घाई केली गेली, ती चूक तुझी नव्हती. पुढच्या ठिकाणी काय सांगायचे आणि काय नाही हे तू ठरवशील, आणि पहिले काही महिने त्याबद्दल एक शब्दही बोलावा लागणार नाही. हवे तर आधी तुम्ही एकट्या जाऊन त्या तज्ज्ञांना भेटा आणि ते कसे बोलतात हे तिला येऊन सांगा.

आणि आता तो गौरीजेवणाचा माणूस. मी वर ज्या उपचाराचे वर्णन केले, तो संपून गेलेल्या धोक्याची भीती घालवतो. धोका अजून पंगतीला बसत असेल, तर तिची भीती हा आजार राहत नाही, ते खरे भान ठरते आणि जगातला कोणताही उपचारक ते काढून टाकू शकणार नाही, काढूही नये. ‘विसरून जा’ म्हणणाऱ्या तुमच्या आईच्या मनात काय चालले असेल, याची मला कल्पना आहे. आपल्या घरात, आपल्या नजरेखाली हे घडले हे मान्य करणे आईला फार जड जाते आणि नातेवाइकांना काय सांगायचे हा प्रश्न त्याहून आधी उभा राहतो. तरी आईने एवढे एक वाक्य तिला म्हणावे, “तू सांगितलेस ते मी खरे मानते, आणि तेव्हा मला कळले नाही याचे मला दुःख आहे.” पुढे ‘पण’ जोडू नये. घरात आज आणखी लहान मुले असतील आणि त्या माणसाचा त्यांच्याशी संबंध येत असेल, तर प्रश्न एकट्या तुमच्या बहिणीचा नाही आणि पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली गप्प राहणेही योग्य नाही. त्याबाबत लगेच वकिलांचा किंवा बाल कल्याण समितीचा सल्ला घ्या. तिच्या स्वतःच्या बाबतीत मोठी झाल्यावरही तक्रार करता येते, पण ती करायची की नाही आणि कधी, हे तिनेच ठरवावे, आणि शक्यतो पाय थोडे स्थिर झाल्यावर.

आईशी हे बोलणे गौरी यायच्या आठ दिवस आधी करा, बहिणीच्या गैरहजेरीत करा आणि त्या माणसाला निरोप कोण देणार हेही तेव्हाच ठरवा. तो निरोप देण्याचे काम बहिणीवर येता कामा नये. ठरले, की मगच तिला सांगा, “यंदा तो येणार नाही.” आई-बाबा तयार झालेच नाहीत, तर त्या तीन दिवसांसाठी तिला तुमच्या घरी घेऊन जा, गोळ्यांच्या कुलपाची किल्ली आणि तो सुरक्षा-आराखड्याचा कागद सोबत ठेवा, आणि सणाला घर सोडून गेली असा शब्द तिच्या कानावर पडणार नाही, हे तुम्ही बघा.